ब्रॅकेट न दिसता फळी भिंतीवर बसवायची आहे: प्लेटची रॉड, लाकडी पट्टी की आणखी काही?

प्रश्न

९० सेंमी लांब, २२ सेंमी खोल अशा दोन फळ्या करतोय. १२ मिमी प्लायचे तीन थर, एकूण जाडी ३६ मिमी. थर अजून चिकटवलेले नाहीत. एक फळी पुस्तकांसाठी, विटांच्या भिंतीवर. दुसरी शोभेच्या वस्तूंसाठी, जिप्समच्या पार्टिशनवर. तयार मिळणारी प्लेटवाली रॉड (प्लेट भिंतीला स्क्रूने बसते, तिच्यातून निघालेली रॉड फळीत शिरते) घ्यावी, की भिंतीला लाकडी पट्टी मारून तिच्यावर फळी सरकवावी? स्क्रू आणि गिट्टी (भोकात बसवायचा, स्क्रू धरणारा प्लग) कोणत्या मापाची?

उत्तर १

थर चिकटवले नाहीत हे फार बरं झालं. आधी हार्डवेअर ठरवा, मग फळी जुळवा.

पुस्तकांनी भरलेली ९० सेंमी फळी म्हणजे २० ते २५ किलो, वर प्लायचे ४-५. एकूण ३० धरा. हे वजन नुसतं खाली ओढत नाही, फळीला पुढे कलंडवतं. वजनाचा मध्य भिंतीपासून ११ सेंमीवर, म्हणून कलंडवणारा जोर ३० गुणिले ११, म्हणजे ३३० किलो-सेंमी. प्लेट ३६ मिमीत लपवायची म्हटल्यावर वरच्या स्क्रूपासून तिच्या खालच्या कडेपर्यंत जेमतेम अडीच सेंमी मिळतात. ३३० भागिले अडीच: वरच्या स्क्रूंवर मिळून १३० किलोंची ओढ. तीन प्लेटा लावल्या तरी प्रत्येकीला ४४. गिट्टी सुरुवातीला हे सोसते, पण सततच्या ओढीने मिलिमीटर-मिलिमीटर बाहेर येते आणि फळीची पुढची कड झुकते.

त्यापेक्षा प्लेट सोडा आणि रॉडच भिंतीत रोवा. १२ मिमीचा थ्रेडेड (आटे पाडलेला) रॉड, २७० मिमीचे तीन तुकडे: एक मधोमध, दोन टोकांपासून १५-१५ सेंमी आत. १४ मिमी बिटने १०० मिमी खोल भोक, आणि प्रत्येकात केमिकल अँकर, म्हणजे ट्यूबमधून भरायचं आणि घट्ट झाल्यावर रॉडला भिंतीत धरून ठेवणारं केमिकल. प्लास्टर १५ मिमी असेल तर विटेत ८५ मिमी पकड मिळते. प्लास्टरची पकड मोजायचीच नाही. भिंत अर्ध्या विटेची असेल तर बिटला टेपची खूण करा, नाहीतर पलीकडचं प्लास्टर उडतं. भोकातली धूळ फुंकून, ब्रशने घासून, पुन्हा फुंकून काढा. धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, विटेला नाही. वीट पोकळ निघाली तर जाळीदार नळी लागेल, आणि भोक त्या नळीच्या मापाचं.

फळीत १७० मिमी खोल सरळ भोक पाडणं अवघड आहे. एक अंश चुकला तरी २२ सेंमीवर पुढची कड जवळपास ४ मिमी वरखाली होते. तुमचे तीन थर इथे कामी येतात: मधला थर अखंड न ठेवता तुकड्यांत लावा आणि रॉडच्या जागी १३ मिमी रुंद, १७५ मिमी लांब खाचा सोडा. चिकटवण्याआधी खाचेत रॉड सरकवून बघा, कारण १२ मिमी म्हणून आलेला प्लाय बऱ्याचदा थोडा कमी भरतो.

उत्तर २

जिप्समच्या पार्टिशनवर पट्टीच बरी, पण नुसत्या बोर्डात नको. आत पत्र्याचे उभे स्टड असतात, साधारण ४० किंवा ६० सेंमीवर. लोहचुंबक भिंतीवरून फिरवा. बोर्डाच्या स्क्रूंवर तो अडकतो आणि त्या स्क्रूंची उभी ओळ म्हणजे स्टड. ९० सेंमीच्या पट्टीला किमान दोन स्टड सापडले पाहिजेत. पत्रा पातळ असल्याने लाकडाचे स्क्रू नकोत, सेल्फ ड्रिलिंग (पत्र्यात स्वतःच भोक पाडत जाणारे) घ्या.

ही फळी भरीव करू नका. वरखाली ६ मिमी प्लाय आणि मध्ये पट्टीच्या उंचीची पोकळी, असा खोका करा. खोली १५ सेंमीवर आणा आणि वजन ४-५ किलोंपुढे जाऊ देऊ नका. दोन्ही फळ्या सारख्याच दिसायला हव्यात म्हणून २२ सेंमी ठेवायची असेल, तर बोर्ड उघडून स्टडमध्ये आडवा १८ मिमी प्लाय बसवल्याशिवाय मी होकार देणार नाही.

काळे जिप्सम स्क्रू फळीला कुठेच वापरू नका. ते कडक पण ठिसूळ असतात, वाकण्याऐवजी मानेतून तुटतात.

उत्तर ३

विटांची भिंत खरंच विटांची आहे का, हे फळीमागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिमीचं भोक पाडून पाहा. लाल भुकटी आली तर वीट. राखाडी भुकटी आणि बिट पुढे सरकेना, तर काँक्रीट. फिकट पिठासारखी भुकटी आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर एएसी ब्लॉक (सिमेंटचा हलका, सच्छिद्र ब्लॉक). तिथे ड्रिलचा हॅमर मोड (ठोके देत फिरणं) बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं आणि वेडंवाकडं होतं. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल करू नका, वायरिंग बहुधा तिथूनच गेलेलं असतं.

प्रश्नकर्ता

उत्तर १ प्रमाणेच करतो. केमिकल सुकल्यावर एखादा रॉड दोन मिमी वर निघाला तर ठोकून वाकवता येईल का?

उत्तर १

नाही, ठोकल्यावर पकड आतून सुटते आणि वरून कळतही नाही. तशी वेळच येऊ नये म्हणून एका लाकडी पट्टीत फळीच्याच अंतरावर १२ मिमीची तीन भोकं पाडा. केमिकल ओलं असताना ती पट्टी रॉडवर चढवा, पाणसळ लावा आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत हलवू नका. तरीही फरक राहिला तर त्या एका खाचेच्या छतातून दोन मिमी खरवडून काढा. मग वजन उरलेल्या दोन रॉडवर जास्त येईल. म्हणून मोकळ्या खाचेत इपॉक्सी भरून मगच फळी सरकवा.