सोळा फुटी हॉलचा स्लॅब: आठव्या दिवशी सेंटरिंग खोलू द्यावं का?

माहेरवाशीण_७८
सावंतवाडीजवळ गावच्या जागेत घर बांधतेय. मी पुण्यात नोकरीला, साइटवर बाबा, वय ७१. गेल्या रविवारी स्लॅब पडला. सकाळी नारळ फोडून मिक्सर सुरू, दुपारी सगळ्यांना कोंबडी-वडे, पाचला काम आटोपलं. आता ठेकेदार म्हणतो, येत्या रविवारी सेंटरिंग खोलतो, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू काढतो. प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्यात, भाडं चढतंय. हॉल १६ बाय २२, मधे कॉलम कुठेच नाही, पुढे ४ फुटांची गॅलरी. बाबांचं एकच, "घाई कित्याक?" त्यावर ठेकेदार, "काका, शंभर स्लॅब टाकलेत आम्ही."
शिवाय पॅरापेटचे (गच्चीच्या कठड्याचे) २०० चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, आत्ताच वर चढवून ठेवतो म्हणतो. आणि स्लॅबवर नखाने ओरखडल्यासारख्या भेगा दिसतायत (चिऱ्यांच्या नादात 'चिरा पडल्यात' असं मी फोनवर म्हणाले, बाबांना काही कळेना). घाबरायचं का?

जुना_सुपरवायझर
ताई, बाबांचं ऐका. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू ७ दिवस, त्यापुढे १४. साडेचार मीटर म्हणजे पावणेपंधरा फूट, तुमचा १६. बीमला सहा मीटरपर्यंत १४ दिवस, त्याहून लांब असेल तर २१. २२ फुटांच्या बाजूला मधे कॉलम नसेल तर ती बीम सहा मीटरच्या वर गेली. आणि हे आकडे ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटचे. गोणीवर पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं, ताकद सावकाश धरणारं सिमेंट) लिहिलंय का ते बाबांना बघायला सांगा. असेल तर सरळ २१ दिवस हात लावू देऊ नका.
प्लेटा आधी काढून टेकू लगेच परत लावायची सोय पुस्तकात आहे. पण गावाकडे पोरं आधी सगळं खाली पाडतात, मग सावकाश चहा पितात. मी स्वतः पाहिलंय, म्हणून नकोच.
खोलताना हॉलचे टेकू मधून सुरू करून भिंतींकडे जायचं. गॅलरीचे उलटे, बाहेरच्या टोकाकडून घराकडे, आणि तेही सगळ्यांत शेवटी.
भेगांचा फोटो टाका. त्याच संध्याकाळी दिसल्या असतील तर वाऱ्याने वरचं पाणी उडालं असणार. पाणी कधी मारलं पहिलं?

माहेरवाशीण_७८
सोमवारी दहा वाजता. गोणी पीपीसीच आहे, बाबांनी आत्ता बघितली.

चिपळूणकर
उशीर झाला. मे महिन्यात रात्रीच ओलं बारदान टाकायचं. आता तरी वर आळी बांधा, चार बाय चार फुटांची, मातीची चालतील, आणि दोन इंच पाणी भरून ठेवा. नुसता पाइप फिरवून भागत नाही, दुपारपर्यंत सुकतं. निदान १४ दिवस. आमची विहीर तेव्हा तळाला गेली होती, दोन टँकर आणले. बायको अजून ऐकवते.
चिरे मात्र अजिबात वर नेऊ देऊ नका. एक चिरा पंचवीस-तीस किलोचा, २०० म्हणजे पाच-सहा टन, आणि हे लोक एकाच कोपऱ्यात रचतात.

जुना_सुपरवायझर
बरोबर. आणि ताई, स्लॅबआधीचे फोटो असतील तर एकदा नीट बघा. वायरिंगवाला बहुतेक काहीतरी विसरलेला असतो.

माहेरवाशीण_७८
ठेकेदाराशी बोलले. पंधरा दिवसांचं जादा प्लेटभाडं मी देते म्हटल्यावर लगेच शांत झाला, "मग काय, महिनाभर ठेवा" म्हणाला. चिरे खालीच राहणार. आळी बाबा उद्या सकाळी गड्याला घेऊन करतायत.
फोटो बघितले. खोल्या चार, पंख्याचे बॉक्स तीन. मागच्या खोलीत, जिथे बाबा झोपणार आहेत, तिथे नुसत्या सळया. आता यावर काय करतात?