खेळाडू मुलांना निवडक कॉलेजांत खरंच झुकतं माप मिळतं का?

तळ्यातमळ्यात:
अमेरिकेतल्या निवडक, म्हणजे मोजक्यांनाच प्रवेश देणाऱ्या कॉलेजांचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "स्टेटला पोहतो ना, मग झालंच काम!" माझं म्हणणं, खेळ उपयोगी पडतो तो कॉलेजच्या टीमचा कोच प्रवेशासाठी ज्यांची नावं सुचवतो, त्या यादीत नाव असेल तरच. हार्वर्डवरच्या खटल्यात बाहेर आलेल्या आकडेवारीत रिक्रूट केलेल्या, म्हणजे अशा यादीतल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६% जणांना प्रवेश मिळाल्याचं दिसलं. यादीबाहेरचा खेळाडू मात्र व्हायोलिन आणि वादविवादवाल्यांच्याच रांगेत. आणि शाळेच्या टीमचे कॅप्टन त्या रांगेत पोत्यानं असतात.

गणिताचा तास:
असहमत. ८६% हा गाळून उरलेल्यांचा आकडा आहे. कच्च्या मार्कांचं पोर कोच यादीत घेतच नाही. हार्वर्ड, येल अशा आठ कॉलेजांच्या आयव्ही लीगमध्ये मार्क आणि एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांचे स्कोअर मिळून अ‍ॅकॅडेमिक इंडेक्स काढतात आणि रिक्रूट्सचा इंडेक्स बाकी विद्यार्थ्यांच्या फार खाली जाऊ देत नाहीत. एक कमी मार्कांचा स्टार घ्यायचा, तर कोचला भारी मार्कांचे खेळाडू शोधून तोल सांभाळावा लागतो.

विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, टफ्ट्स अशा ११ कॉलेजांच्या नेस्कॅक या खेळाच्या लीगमध्ये तर अर्जाआधीच प्री-रीड, म्हणजे कागदपत्रांची प्राथमिक तपासणी होते. अकरावी संपली की १ जुलैनंतर ट्रान्सक्रिप्ट (शाळेची गुणपत्रिका), स्कोअर आणि बारावीच्या विषयांची यादी कोचमार्फत अ‍ॅडमिशन ऑफिसला जाते. इथली नेहमीची माती म्हणजे होकार आल्यावर सप्टेंबरात एपी कॅल्क्युलससारखा कॉलेजच्या पातळीचा विषय सोडून सोपा विषय घेणं. होकार त्या विषयांच्या यादीला होता, मुलाच्या तोंडाकडे बघून नव्हता.

काठावरून:
दोघांनीही कोचला देव करून ठेवलंय. एमआयटीत कोचकडे राखीव जागाच नसतात. तो शिफारस करतो, निर्णय अ‍ॅडमिशन ऑफिसचा, आणि शिफारस असलेल्यांनाही नकार येतात. तिथे यादीतलं नाव म्हणजे जमेची एक बाजू, इतकंच. शिवाय आठवड्याला २० तास सराव करून मार्क टिकवले, हे यादीत नसलेल्याच्या अर्जातही दिसतंच की.

तळ्यातमळ्यात:
दिसतं, पण त्यानं दार उघडत नाही. एमआयटीचा मुद्दा मान्य. म्हणूनच "आमचा तुला सपोर्ट आहे" या वाक्यावर विसंबू नये. कोचला सरळ विचारावं: प्री-रीड झालं का? निकाल काय? यंदा माझ्या इव्हेंटसाठी किती जणांना पूर्ण सपोर्ट देताय, त्यात मी कितवा? "अर्ज तर करून बघ" हे उत्तर आलं की समजावं, नाव यादीत नाही. आयव्हीत लेखी खात्री म्हणजे १ ऑक्टोबरनंतर येणारं लाइकली लेटर (प्रवेश बहुधा मिळणार असल्याचं आगाऊ पत्र), आणि ते अ‍ॅडमिशन ऑफिसकडून येतं. कोचचा फोन म्हणजे पत्र नव्हे.

गणिताचा तास:
यावर एकमत. पण यादीत येण्याइतका खेळ आहे का, हे आधी घरी बसून तपासता येतं, ते कोणी करत नाही. त्या लीगच्या गेल्या चॅम्पियनशिपचे निकाल काढा, फायनलला पोचणारी वेळ बघा, त्या इव्हेंटचे किती जण यंदा पदवी घेऊन बाहेर पडताहेत ते मोजा. पोहण्यात यार्ड-मीटरचा घोळ घालू नका. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, शिवाय २५ यार्डांच्या तलावात तीन टर्न आणि ५० मीटरच्या तलावात एकच. टर्न चांगला असलेल्याची यार्डांतली वेळ जास्त देखणी दिसते. कोचला मेलमध्ये दोन्ही वेळा लिहा, स्वतः रूपांतर करून पाठवू नका.

काठावरून:
पैशाचं कोणीच बोललं नाही. आयव्हीत आणि डिव्हिजन थ्रीत (कॉलेज खेळांचा तिसरा गट, नेस्कॅक त्यातच) खेळाची स्कॉलरशिप नाही, मदत मिळते ती घरची ऐपत बघून. कोच बऱ्याचदा अर्ली डिसिजनचा, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करण्याचा आग्रह धरतो, आणि ते बांधील असतं: प्रवेश मिळाला की तिथेच जायचं. दुसऱ्या कॉलेजची ऑफर दाखवून घासाघीस करायची सोय राहत नाही. तेव्हा हो म्हणण्याआधी कॉलेजच्या साइटवरचा, मदत वजा जाता किती खर्च येईल ते सांगणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरा. एक बरं आहे: दुसऱ्या वर्षी खांदा गेला आणि टीम सुटली, तरी ही मदत खेळावर अवलंबून नसल्यानं त्यापायी थांबत नाही.

तळ्यातमळ्यात:
हा मुद्दा पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवा होता. बाकी यादीबद्दलचं माझं मत कायम.