क्रिस्टल ढिम्म हलत नाही, मग एफएम होतं कसं?

खरखर_पुणे:
हॅमच्या (हौशी रेडिओच्या) परीक्षेची तयारी चालू आहे, जनरल ग्रेड, आणि ट्रान्समीटरच्या धड्यात गाडी अडकलीय. एएम कळलं, कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लाट) घ्यायचा आणि आवाजाप्रमाणे त्याची उंची कमीजास्त करायची. पण एफएममध्ये फ्रिक्वेन्सीच हलवायची ना, आणि आधीच्याच पानावर लिहिलंय की कॅरियर क्रिस्टलवरून (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला कंप पावणारा क्वार्ट्झचा तुकडा) घ्या कारण तो जागचा हलत नाही!! मग हलवायचं काय? 101 मेगाहर्ट्झचं स्टेशन दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्झ हलतं म्हणे, तरी रेडिओवर 101 लाच सापडतं.

सोल्डरवाला:
अगदीच ढिम्म नसतो रे, सोबत व्हॅरॅक्टर डायोड लावला (व्होल्टेज बदललं की याचा कपॅसिटन्स बदलतो) की काहीशे हर्ट्झ सरकतो. जुन्या वॉकीटॉकीत हेच करायचे, समज 145 मेगाहर्ट्झवर बोलायचंय तर क्रिस्टल 12.083 च्या आसपासचा घ्यायचा आणि पुढे फ्रिक्वेन्सी 12 पट करत न्यायची, दुप्पट, दुप्पट, तिप्पट. असं गुणणारा मल्टिप्लायर डेव्हिएशनसुद्धा (फ्रिक्वेन्सी मधल्या जागेपासून किती हलते ते) 12 पट करतो, म्हणून शेवटी 5 किलोहर्ट्झ हवं असेल तर क्रिस्टलला जेमतेम 417 हर्ट्झ ढकललं तरी भागतं. 75 किलोहर्ट्झला मात्र 12 पटीने काही होत नाही. एफएमचा जनक आर्मस्ट्राँगने 1930 च्या दशकात एवढंसं डेव्हिएशन हजारो पट वाढवलं होतं, मधेच मिक्सरने फ्रिक्वेन्सी खाली आणून पुन्हा गुणत. डोकं होतं माणसाला!

निमूट_अँटेना:
आता एवढा खटाटोप कोणी करत नाही. थेट 101 वर चालणारा व्हीसीओ (व्होल्टेज दिलं तशी फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) घेतात, त्याच्या व्हॅरॅक्टरला ऑडिओ जोडला की झालं एफएम. अडचण अशी की तो कॉइल-कपॅसिटरचा, गरम झाला की सरकतो, म्हणून पीएलएल (फेज लॉक्ड लूप, फ्रिक्वेन्सी जागेवर धरून ठेवणारं सर्किट). व्हीसीओची फ्रिक्वेन्सी भागून लहान करायची, क्रिस्टलची पण भागायची, दोन्ही ताडून बघायच्या आणि जो फरक येईल त्याचं व्होल्टेज व्हीसीओला परत द्यायचं. क्रिस्टल इथे फक्त मोजमापाला, हलतो तो व्हीसीओ.

खरखर_पुणे:
दादा पण मग पीएलएल आपला आवाजच पुसून टाकणार ना? ऑडिओने फ्रिक्वेन्सी हलली की तो लगेच जागेवर आणणार.

निमूट_अँटेना:
हा प्रश्न बहुतेकांना सुचतच नाही, शाब्बास. लूप मुद्दाम संथ ठेवतात, फिल्टर काही हर्ट्झचाच. झोपाळू राखणदार समज, तासाभरात सरकलेलं त्याला दिसतं, सेकंदाला शेकडो वेळा हललेलं दिसत नाही. सरासरी 101 ला बांधलेली राहते आणि ऑडिओ सुखरूप सुटतो. तोटा एवढाच की संथ लूप लॉक व्हायला (फ्रिक्वेन्सी जागेवर बसायला) वेळ खातो, म्हणून सुरुवातीला वेगवान आणि लॉक झाल्यावर संथ असा दुहेरी लूप पण करतात.

खरखर_पुणे:
आत्ता पेटली ट्यूब!! एक शेवटचं, जुन्या एएम ट्रान्समीटरच्या आकृतीत मॉड्युलेशन अगदी शेवटच्या स्टेजला का दाखवतात?

सोल्डरवाला:
कारण क्लास सी अॅम्प्लिफायर. वीज कमी खातो पण लाटेची उंची जशीच्या तशी पुढे नेत नाही, आधी मॉड्युलेट केलंस तर एएमचा आवाज तिथेच बिघडतो. एफएमला उंचीशी देणंघेणं नाही, आवाज कितीही चढला तरी पॉवर तेवढीच, म्हणून ते सुरुवातीलाच मॉड्युलेट करून बिनधास्त क्लास सीमधून काढतात. जुन्या एएममध्ये शेवटच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचं व्होल्टेजच ऑडिओने वरखाली करायचे, मधे भलामोठा ट्रान्सफॉर्मर. त्यामुळे 1 किलोवॅटच्या कॅरियरला पूर्ण मॉड्युलेट करायला निदान 500 वॅटचा ऑडिओ अॅम्प्लिफायर लागायचा आणि 500 वॅट दोन साइडबँडमध्ये (कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या, आवाज असलेल्या पट्ट्या) अडीचशे अडीचशे वाटले जायचे. हे गणित परीक्षेत आकडे बदलून येऊ शकतं, 100 वॅट कॅरियर आणि 50 टक्के मॉड्युलेशन दिलं तर एकूण 112.5 वॅट, 125 नाही, मॉड्युलेशनचा वर्ग घ्यायचा असतो (0.5 चा वर्ग 0.25, त्याचं निम्मं 0.125).