वेबसाठी संवादी ॲनिमेशन: पाहून करता येते, कोऱ्या फाइलपुढे मात्र हात थांबतो

प्रश्न

नमस्कार. माझे मूळ काम ग्राफिक डिझाइनचे आहे आणि गेले आठ महिने मी वेबसाठी संवादी ॲनिमेशन करायला शिकते आहे. एचटीएमएल आणि सीएसएस चांगले येते, जावास्क्रिप्ट कामापुरते येते. व्हिडिओ पाहत पाहत मी कर्सरमागे धावणारे कण, पाण्यासारखे हेलकावणारे चित्र, स्क्रोलबरोबर उलगडत जाणारी अक्षरे असे बरेच काही करून पाहिले आहे. व्हिडिओ समोर असेपर्यंत सारे जमते; कोरी फाइल उघडली की पहिली ओळ कोणती लिहावी हेच सुचत नाही.

त्यातच परवा एक गोष्ट घडली, तिचा उलगडा मला झालेला नाही. कर्सरच्या मागून सावकाश येणारे एक वर्तुळ मी केले होते. प्रत्येक फ्रेमला ते उरलेल्या अंतराचा दहावा भाग पुढे सरकते. माझ्या लॅपटॉपवर ते अगदी मनासारखे, किंचित आळसावल्यासारखे चालते. तेच पान मैत्रिणीच्या नव्या मॉनिटरवर उघडले, तर वर्तुळ कर्सरला जवळजवळ चिकटूनच पळू लागले. कोड तोच असताना चाल वेगळी कशी? आणि या टप्प्यावर थेट थ्री जेएस ही त्रिमितीय चित्रांसाठीची तयार कोडची लायब्ररी शिकायला घ्यावी की आधी पाया पक्का करावा? शाळा सुटल्यापासून माझा गणिताशी संबंध उरलेला नाही, हेही सांगून ठेवते.

पहिले उत्तर

आपल्या वर्तुळाचे कोडे आधी सोडवू या, कारण कोऱ्या फाइलपुढे हात का थांबतो याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यातच आहे.

रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम हे फंक्शन साधारणपणे पडदा जितक्या वेळा ताजा होतो तितक्या वेळा चालते. आपला लॅपटॉप बहुधा 60 हर्ट्झचा असेल, म्हणजे दर 16.67 मिलिसेकंदांनी एक फ्रेम. मैत्रिणीचा मॉनिटर 120 हर्ट्झचा असेल, तर दर 8.33 मिलिसेकंदांनी एक. आता पाव सेकंदाचा हिशेब करून पाहा. आपल्याकडे तेवढ्यात 15 फ्रेम होतात, आणि दर फ्रेमला नऊदशांश अंतर उरत गेले तर शेवटी सुमारे 20 टक्के अंतर शिल्लक राहते. तिच्याकडे तेवढ्याच वेळात 30 फ्रेम होतात आणि अंतर जेमतेम 4 टक्के उरते. वर्तुळ चिकटून पळताना दिसले ते यामुळे. आपण गती फ्रेममध्ये मोजली, पाहणाऱ्याचा डोळा मात्र ती सेकंदात मोजतो.

उपाय असा: या फंक्शनला ब्राउझर दर खेपेस चालू वेळ देतो. त्यातून मागच्या फ्रेमची वेळ वजा करून मधला काळ सेकंदांत काढावा. मग ठरलेल्या 0.1 ऐवजी ‘एक वजा, ई चा ऋण (वेग गुणिले काळ) इतका घात’ हा गुणक वापरावा; ई म्हणजे सुमारे 2.718 हा गणितातला ठरलेला आकडा. वेगाच्या जागी 6.3 घातले तर 60 हर्ट्झवर आपल्याला आवडलेली चाल जवळपास जशीच्या तशी मिळेल, आणि 120 हर्ट्झवरही तीच दिसेल. एक खबरदारी मात्र घ्यावी. टॅब मागे गेला की ब्राउझर फ्रेम देणे थांबवतो. माणूस दहा सेकंदांनी परतला तर मधला काळ दहा सेकंद निघतो आणि वेगाने भिरकावलेले कण एका उडीत पडद्याबाहेर जातात. म्हणून तो काळ 50 मिलिसेकंदांच्या वर जाऊ देऊ नये.

आता कोऱ्या फाइलविषयी. व्हिडिओतून आपण परिणाम शिकलात. त्यामागची स्थिती, म्हणजे कोणत्या गोष्टी लक्षात ठेवायच्या आणि त्या काळानुसार कशा बदलायच्या, ती दुसऱ्या कोणी तरी आधीच ठरवून दिलेली होती. कोणतीही लायब्ररी न घेता साध्या कॅनव्हासवर, म्हणजे पानावरच्या चित्र काढण्याच्या चौकटीत, एक ठिपका काढावा. त्याला जागा द्यावी, वेग द्यावा, मग कर्सर जवळ आला की त्याला दूर ढकलणारे बल द्यावे. दर वेळी एकच नियम वाढवावा आणि तो वाढवण्याआधी काय दिसेल हे कागदावर लिहून ठेवावे. अंदाज चुकतो तिथे खरे शिकणे होते. मी स्वतः असाच शिकलो आणि शिकवतानाही हाच मार्ग धरतो. कॅनव्हासची जुळवाजुळव नकोशी वाटली तर पी फाइव्ह जेएस ही लायब्ररी घ्यावी. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये सुरू केलेल्या प्रोसेसिंगचा वारसा तिच्याकडे आहे, आणि चित्रकार व डिझायनर यांना कोड लिहिता यावा हाच त्या प्रकल्पाचा हेतू होता.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. थ्री जेएस शिकायला हरकत नाही, पण ती आपल्यासाठी कॅमेरा, प्रकाश आणि त्रिमितीतील वस्तू सांभाळते. वस्तूने कसे हलावे हे ती ठरवत नाही.

गणिताची भीती बाळगू नये. साइन, कोसाइन, दोन बिंदूंमधले अंतर आणि सदिशांची बेरीज एवढ्यावर पुष्कळ काम होते. त्यातला एक खाचखळगा मात्र आधीच दाखवून ठेवतो. कर्सरकडे पाहणारा डोळा किंवा बाण करताना कोन काढायला एटॅन टू वापरतात. हे फंक्शन आधी वाय घेते आणि मग एक्स, आणि त्याचे उत्तर ऋण पाय (π) ते धन पाय, म्हणजे उणे अर्धा फेरा ते अधिक अर्धा फेरा, एवढ्यातच येते. कर्सर बाणाच्या डाव्या बाजूने वरून खाली गेला की कोन एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला उडी मारतो. आपण कोन हळूहळू सरकवत असाल तर बाण जवळच्या बाजूने वळण्याऐवजी पूर्ण गिरकी घेऊन येतो. म्हणून कोन सरकवण्याआधी दोन कोनांतला फरक अर्ध्या फेऱ्याच्या आत आणून घ्यावा.

मोबाइलवर अडखळण्याची तक्रार पुढे येईलच, म्हणून तेही सांगतो. पानावरचा घटक हलवताना सीएसएसमधले लेफ्ट आणि टॉप हे गुणधर्म बदलले तर ब्राउझरला मांडणीचा हिशेब पुन्हा करावा लागतो. ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी बदलले तर बहुतेक वेळा तो वाचतो. कण एकमेकांना रेषांनी जोडायचे असतील तर 500 कणांच्या 1,24,750 जोड्या होतात आणि त्या दर फ्रेमला तपासणे फोनला जड जाते. रेषा 100 पिक्सेलच्या आतच काढायची असेल, तर पडद्याचे 100 पिक्सेलचे चौकोन पाडून आपला चौकोन आणि भोवतालचे आठ एवढेच तपासावेत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. 6.3 घालून पाहिले; दोन्ही पडद्यांवर वर्तुळ आता एकाच चालीने येते. पाण्यासारख्या हेलकाव्याबद्दल मात्र विचारायचे राहिले. तो शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या कार्यक्रमात, होता आणि त्यातले मला अक्षरही कळले नव्हते. शिवाय कणांमागे शेपूट दिसावे म्हणून मी कॅनव्हास पूर्ण न पुसता दर फ्रेमला त्यावर फिकट काळा थर देते, तर जुन्या रेषांचे करडे डाग कायमचे राहतात. ते कशामुळे?

तिसरे उत्तर

शेडर कळत नाही याचे कारण बहुधा असे की आपण तो चित्र काढण्याच्या सूचना म्हणून वाचत आहात. तिथे ‘वर्तुळ काढ’ असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक पिक्सेलसाठी तोच छोटा कार्यक्रम स्वतंत्रपणे चालतो आणि पिक्सेल जणू स्वतःला विचारतो, मी केंद्रापासून किती दूर आहे? अंतर त्रिज्येपेक्षा कमी असेल तर पांढरा, नाहीतर काळा. 1920 गुणिले 1080 च्या पडद्यावर 60 फ्रेमने हा प्रश्न सेकंदाला 12 कोटींहून अधिक वेळा विचारला जातो, म्हणून ते काम ग्राफिक्स कार्डाकडे जाते. हेलकावा म्हणजे चित्रातला रंग वाचण्याआधी जागा साइनने किंचित सरकवणे. तो एकसुरी वाटला तर पर्लिन नॉइज हा अनियमित भासणारे आकडे देणारा प्रकार पाहावा. केन पर्लिन यांनी तो 1983 मध्ये तयार केला, आणि शेजारच्या बिंदूंचे आकडे एकमेकांना धरून राहतात हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

आणखी एक आग्रहाची विनंती. पडद्यावरच्या मोठ्या हालचालीने काही लोकांना खरोखर चक्कर येते. ज्यांनी आपल्या यंत्रावर हालचाल कमी ठेवण्याची सोय निवडली आहे त्यांना ती निवड कळवणारी प्रेफर्स रिड्यूस्ड मोशन ही सीएसएसमधली अट तपासून स्थिर चित्र दाखवावे, आणि सेकंदाला तीनहून अधिक वेळा लखलखाट कुठेच होऊ देऊ नये.

डागांचे कारण आकड्यांच्या पूर्णांकनात आहे. प्रत्येक रंगछटा 0 ते 255 अशा पूर्ण आकड्यांत साठवली जाते. थर 5 टक्क्यांचा असेल तर 8 या छटेतून 0.4 एवढेच वजा व्हायचे असते, उत्तर 7.6 येते आणि ते पुन्हा 8 म्हणूनच साठवले जाण्याचा संभव असतो, त्यामुळे ती छटा तिथेच अडकते. थर गडद केला तर डाग पुष्कळ कमी होतील, पण शेपूट आखूड होईल. लांब शेपूट हवेच असेल तर प्रत्येक कणाच्या मागच्या 20 जागा लक्षात ठेवाव्यात, कॅनव्हास दर फ्रेमला पूर्ण पुसावा आणि त्या जागा फिकट होत जाणाऱ्या रंगात नव्याने काढाव्यात.