दोर आणि गडावरच्या सामानाची दणकट बॅग बेळगाव भागात कुठं शिवून मिळेल?

रानवाट (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. आम्ही दहा-बारा जण महिन्यातले दोन रविवार चंदगड तालुक्यातल्या गडांवर साफसफाईला जातो. पारगड, महिपाळगड, कलानिधीगड. तटाच्या सांध्यात उगवलेले पिंपळ-उंबर काढायचे तर वरून दोरावर उतरावं लागतं. त्यासाठी ६० मीटरचे, १०.५ मिलिमीटर जाडीचे दोन दोर, सहा हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), सहा हेल्मेट, वीसेक लोखंडी कॅराबिनर (दोर अडकवायच्या झडपेच्या कड्या), पुल्या, स्लिंगा (पट्टीचे फास), शिवाय दोन कोयते आणि एक करवत एवढं सामान असतं. सगळं मिळून २२-२३ किलो भरतं.

मागच्या वर्षी एक तयार डफल बॅग ऑनलाइन मागवली होती. तिसऱ्याच फेरीला शिनोळीत वडापच्या (शेअर जीपच्या) टपावरून उतरवताना पट्टा मुळातून उपटून आला. कापड शाबूत, पण शिवण गेली आणि सामान रस्त्यावर पसरलं. दोन कॅराबिनर डांबरावर उंचावरून आपटले, ते बाद करावे लागले. माणूस ज्यावर लटकणार त्या वस्तूचं असं होऊन चालत नाही.

आता पावसाळ्याच्या आत १०० लिटरची एकच मोठी बॅग शिवून घ्यायचा विचार आहे. कापड कुठलं घ्यावं? आणि जावं कुणाकडे? बॅगवाला, ताडपत्रीवाला की सीट कव्हरवाला? खर्च साडेतीन हजारांपर्यंत झेपेल.

तिसरं_गेट

कॉलेजच्या बॅगा शिवणाऱ्याकडे जाऊ नका. हात चांगला असतो, पण त्यांचं मशीन हलकं. ऑटोनगरात ट्रकची सीटं शिवणारे आहेत, त्यांना विचारून बघा की.

निपाणीकर

आमच्या भागात आणि अथणीकडे चपला करणारे जुने कारागीर आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे, म्हणजे हे काम आपल्याच मातीतलं. पट्टे आणि मुठी कातड्याच्या करून घ्या. त्यांची शिवण मी स्वतः वापरून पाहिली आहे, हाताने ओढून सुटत नाही.

कणकुंबीकर

निपाणीकर दादा, कारागिरीबद्दल दुमत नाही, पण कातडं या कामाला नको. आमच्याकडे पावसाळ्यात घरात टांगलेल्या पट्ट्याला चार दिवसांत पांढरी बुरशी धरते. भिजलेलं कातडं ताणतं, वाळलं की कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. मुठीच्या वर हाताला मऊ लागावं म्हणून लावायचं तर लावा, पण ओझं त्यावर टाकू नका.

सुईदोरा

आमचं घर ताडपत्री शिवणाऱ्यांचं. वडील ट्रकच्या ताडपत्र्या आणि मंडपाचे पडदे शिवत, आता मशीनवर मी बसते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची बॅग कापडापायी गेलेली नाही, हे तुमच्याच लिहिण्यात आहे. पट्टा वरच्या एका पदराला दोन टिपा मारून चिकटवलेला असणार आणि २२ किलो त्या दोन टिपांवर लोंबत असणार. असं करू नये. पट्टा एका बाजूने खाली न्यायचा, बुडाखालून घालायचा आणि दुसऱ्या बाजूने वर आणायचा. मग बॅग पट्ट्याच्या झोळीत बसते. ओझं पट्टा घेतो, शिवण त्याला फक्त जागेवर धरून ठेवते. पट्ट्याचं टोक जिथं संपतं तिथं आतून कापडाचा आणखी एक तुकडा लावून चौकट आणि चौकटीत फुली अशी शिवण मारायची. टोक कापल्यावर मेणबत्तीवर धरून कड वितळवून घ्या, नाहीतर विण सुटत जाते.

दुकानात शिरल्यावर आधी मशीन बघा. साध्या मशीनमध्ये खालचा पदर पुढं सरकतो, वरचा मागं राहतो, आणि चार पदरांवर पट्टा आला की टाकाच पडत नाही. सोफ्याचं, सीटचं काम करणाऱ्यांकडे दाबणारा पायही कापडाबरोबर पुढं चालतो असं मशीन असतं. सुई २१ किंवा २२ नंबरची हवी. दोरा जाड बाँडेड नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा. सुती दोरा नको, ओलीत कुजतो.

गिऱ्हाईक नेहमी म्हणतं, टाके दाट घाला. पीव्हीसीच्या (प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या) कापडात सुईने पाडलेलं भोक परत बुजत नाही. इंचाला बारा टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटाला असते तशी भोकांची रांग होते आणि ताण आला की नेमकं तिथंच फाटतं. इंचाला सहा-सात टाके पुरेत. जास्त मजबुती हवी तर पाव इंचावर दुसरी ओळ मारा. चुकलेली टीप उसवून त्याच ओळीत पुन्हा मारू देऊ नका.

आता कापड. सुती कॅनव्हासवर माझा जीव आहे. १८ औंसाचं कॅनव्हास म्हणजे चौरस मीटरला साधारण ६१० ग्रॅम. भिजलं की धागा फुगतो आणि सुईची भोकं आपोआप बंद होतात. पण भिजलेलं कॅनव्हास फार जड होतं आणि आपल्याकडच्या पावसात वाळतच नाही. १००० डेनियरचं नायलॉन हलकं आणि चिवट असतं (९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर), पण त्याच्या आतला पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन सुटतो. तुमचं सामान खडकावरून ओढलं जाणार, टपावर चढणार, तेव्हा मी ट्रकचं पीव्हीसी कापडच सांगेन, ६५० ग्रॅमच्या आसपासचं. बूड दुहेरी करा. त्याचा एकच दोष, आतली ओल बाहेर जात नाही. म्हणून बुडाला चार पितळी आयलेट (कडी बसवलेली भोकं) मारून घ्या.

चेन नको. चिखल आणि माती बसली की कितीही चांगली चेन अडते. वर कापडाची गळपट्टी, तिला नाडी आणि त्यावर बकलाचं झाकण ठेवा.

कणकुंबीकर

ताईंनी शिवणीचं सगळं सांगितलं. मी सामानाबद्दल बोलतो, कारण मला त्याची जास्त काळजी वाटते.

रानवाट, एकच बॅग करू नका. २३ किलोची बॅग चढावर एकालाच न्यावी लागते आणि तो थकतो. थकलेल्या माणसाने मग दोर बांधायचा. दोन बॅगा करा, दहा-अकरा किलोच्या. एकीत फक्त दोर आणि स्लिंगा, दुसरीत लोखंड आणि हार्नेस. हेल्मेट बॅगेत घालूच नका, जागा खातात. ज्याचं त्याने सॅकला अडकवावं.

कोयता आणि करवत दोराच्या बॅगेत कधीही नको, म्यानात घातलेली असली तरी नको. त्यांना वेगळं गुंडाळं करा. आणि मुळं जाळायला काही लोक ॲसिड नेतात, गाडीच्या डिकीत जुनी बॅटरी पडलेली असते, त्याच्या जवळपासही दोराची बॅग ठेवू नका. ॲसिडने नायलॉनचा दोर आतून कमकुवत होतो आणि वरून बघून ते कळत नाही. आमच्या एका ओळखीच्या गटाने नुसत्या संशयावरून आख्खा दोर टाकून दिला. बरोबर केलं.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन बॅगांचं पटलं. ताई, एक विचारतो. ऑटोनगरात एकाने भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट पट्ट्याला लावून देतो म्हटलं. चालेल का?

सुईदोरा

नवा रोल असेल तर उत्तम पट्टा आहे. भंगारातला नको. किती वर्षं काचेतून ऊन खाल्लंय ते सांगता येत नाही, आणि अपघातात एकदा ताणला गेला असेल तर संपलाच. आणखी एक, तो गुळगुळीत असतो, सरकत्या बकलात ओझ्याने हळूहळू सैल होतो. खांद्याच्या पट्ट्याला खरखरीत विणीची ५० मिलिमीटरची निवारच घ्या. पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त मिळते पण उन्हाने ठिसूळ होते. पॉलिस्टरची किंवा नायलॉनची मागा.

रानवाट

दोन महिन्यांनी लिहितोय. बॅगा झाल्या!

तीन दुकानं फिरलो. पहिल्या दोघांनी सामान न बघताच दर सांगितला. तिसरे मामा कन्नड बोलणारे. मी सगळं सामान पोत्यात घालून नेलं होतं, ते त्यांनी दुकानाच्या फरशीवर ओतायला लावलं. दोर स्वतः हाताने रचून बघितला, खडूने फरशीवर गोल काढला आणि म्हणाले, "होलिगे गट्टी इरबेकु." शिवण घट्ट हवी. मी पुढं काही सांगायची गरजच उरली नाही. पट्टा बुडाखालून घेणार का विचारलं तर त्यांनी शेल्फावरचं ट्रकच्या हूडचं काम दाखवलं, तिथंही तसंच होतं.

दोराची बॅग गोल, ३० सेंटिमीटर व्यासाची आणि ६० उंचीची. हिशेबाने ४२ लिटर होते आणि दोन्ही दोर न गुंडाळता, नुसते कोंबत गेलं तरी नीट मावतात. लोखंडाची बॅग चौकोनी आणि बुटकी, आत जुन्या ताडपत्रीचे चार कप्पे, म्हणजे कॅराबिनर एकमेकांवर घासत नाहीत. दोन्हींचे मिळून ३४०० रुपये झाले, कापड धरून. निम्मे आधी दिले.

नेण्याआधी दोराच्या बॅगेत २५ किलो वाळू भरून गच्चीच्या कठड्याला रात्रभर टांगली. सकाळी सगळ्या टिपा नखाने चाचपून बघितल्या. एका बाजूच्या चौकटीत दोन टाके ओढले गेले होते. परत नेली तर मामांनी तिथला जोडतुकडा बदलून दुप्पट मोठा लावला आणि पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर महिपाळगडावर दोनदा आणि पारगडावर एकदा जाऊन आली. पारगडच्या वेळी पाऊस लागला. उतरल्यावर बघितलं तर आयलेटातून पाणी ठिबकत होतं आणि आत तळं साचलं नव्हतं. घरी आल्यावर दोर सावलीत पसरला आणि बॅग उलटी टांगली.

तिसरं_गेट

मामांचा पत्ता द्या की. आमच्या ढोलपथकाला पावसात ढोल झाकायच्या खोळी हव्यात.

रानवाट

इथं उघड लिहायचं का, हे त्यांना विचारलेलं नाही, म्हणून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. जाताना एक ढोल बरोबर घेऊन जा, माप तोंडी सांगू नका. आणि गुरुवारी त्यांचं दुकान बंद असतं.