सरकलेलं चित्र: जुन्या टीव्हीचे अनुभव लिहा

काजूबी
गणपतीआधीची साफसफाई निघाली की माळ्यावरून एखादी १४ इंची ब्लॅक अँड व्हाइट पेटी खाली उतरतेच. लावली की चित्र डावीकडे बोटभर सरकलेलं, उजवीकडे काळी पट्टी. ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा, सुरुवात मी करते.

आधी नक्की काय सरकलंय ते ओळखायचं. ब्राइटनेस पूर्ण वाढवा, कॉन्ट्रास्ट उतरवा. पट्टीच्या जागी राखाडी उजेड आला तर रास्टर, म्हणजे पडद्यावरचा नुसता उजेडाचा चौकोन, जागच्या जागी आहे, आतलं चित्र तेवढं हललंय. हा एच-होल्डचा किंवा एच-फेजचा मामला, म्हणजे चित्र आडव्या दिशेत जागेवर धरणाऱ्या सेटिंगांचा. पट्टी काळी ठिक्कर राहिली तर रास्टरच सरकलंय, मग पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या रिंगा. हे न बघता रिंगा फिरवणाऱ्यांची संख्या फार आहे.

खाडीपलीकडचा
होल्डचं बरोबर. चित्र फाटत नाही म्हणजे होल्ड ठीक, असं नसतं. प्रीसेट (होल्डचा आतला छोटा फिरवायचा खुंटा) टोकाला गेला असेल तर चित्र लॉक राहतं पण बाजूला ओढलं जातं. दोन्ही बाजूंना कुठे फाटतं ते बघून मधोमध ठेवायचा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत प्रीसेटचा ट्रॅक काळा पडतो. टीव्ही बंद करून मार्करने मूळ जागेची खूण, थेंबभर कॉन्टॅक्ट क्लीनर, सात-आठ वेळा मागेपुढे, परत खुणेवर. रॉकेल नको, प्लॅस्टिक चिरतं.

माडाखाली
रिंगा म्हणजे योकच्या (ट्यूबच्या मानेवरची तारांची गुंडाळी) मागे लागून दोन पातळ चकत्या, प्रत्येकीला एक कान. दोन कानांतलं अंतर बदललं की चित्र किती सरकायचं ते बदलतं, दोन्ही एकत्र फिरवले की दिशा बदलते. एका वेळी काडीभरच. समोर आरसा उभा करा, नाहीतर मान मोडते. जमलं की नेलपॉलिशचा टिपका.
चित्र तिरकं असेल तर रिंगांनी सरळ होत नाही. त्याला योकचा पट्टा सैल करून योकच फिरवायचा, आणि फिरवताना पुढे काचेला दाबून धरायचा. मागे घसरला की चारही कोपरे काळे.

आंबोळी_दोन
कलर टीव्हीलापण हेच ना? २१ इंची आहे, मागून उघडलाय.

माडाखाली
नाही!! कलरला मानेवर हात लावायचा नाही. तिथल्या रिंगा प्युरिटी आणि कन्व्हर्जन्सच्या, म्हणजे रंग शुद्ध ठेवणाऱ्या आणि तिन्ही रंग एकावर एक बसवणाऱ्या. रंगाचा ठिपका लावून बंद केलेल्या असतात तो काही शोभेला नाही. एक हलली की अक्षरांना लाल-निळी किनार येते, ती परत बसवायला क्रॉसहॅच पॅटर्न (आडव्या-उभ्या रेघांची जाळी) आणि अर्धा दिवस लागतो. योकखालच्या रबरी पाचरीही तशाच राहू द्या.

मालवणी खाजा
उघडलंस?? मेल्या, आधी पिन काढ, मगे हात घाल 😄

खाडीपलीकडचा
हसण्यावारी नेऊ नका. २१ इंची कलरच्या ट्यूबवर २५ हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि पिन काढल्यावरही ट्यूब चार्ज धरून बसते. स्क्रूड्रायव्हरला वायर बांधा, वायरचं दुसरं टोक ट्यूबवरच्या उघड्या अर्थ पट्टीला, मग पातं ट्यूबवरच्या जाड वायरच्या रबरी टोपीखाली सरकवा. दोनदा करा, पहिल्यांदा सगळं उतरत नाही. चालू सेटमध्ये एकच हात, दुसरा पाठीमागे, आणि प्लॅस्टिकचा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हर). बऱ्याच सेटांत चासिसवर (आतल्या सर्किटच्या सांगाड्यावर) मेन्सचा करंट असतो.

काजूबी
@आंबोळी_दोन रिमोटवाला असेल तर उघडायची गरजच नाही, सर्व्हिस मेन्यूत (मेकॅनिकसाठीच्या लपलेल्या मेन्यूत) एच-शिफ्ट, व्ही-शिफ्ट असतात, चित्र आडवं-उभं सरकवायला. आत शिरल्यावर पहिलं काम: प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो. बऱ्याच चासिसमध्ये आकडा ० ते ६३ असतो. व्हर्टिकलला आधी स्लोप (उभ्या चित्राचा मध्य जुळवणं), मग उंची, मग शिफ्ट. काही सेटांत स्लोपच्या वेळी खालचा अर्धा पडदा आपोआप काळा होतो, काळ्याची कड चित्राच्या बरोबर मध्यावर आणायची. ऑप्शन नावाच्या ओळींना शिवू नका, टीव्ही मुका-आंधळा व्हायचा.

आंबोळी_दोन
धन्यवाद ताई. घारगे तळतेय, नंतर बघते.

वेंगुर्ल्याची वाट
सेट बिघडलाय हे ठरवण्याआधी दुसरा सोर्स लावून बघा. डिशच्या बॉक्सचं चित्र १६:९ वर असेल तर वर-खाली पट्ट्या येणारच, बॉक्समध्ये ४:३ करा. गेमवाल्यांनो, ६० हर्ट्झला उंची आणि जागा दोन्ही बदलतात. ५० वर लावलेलं तिथे जुळणार नाही.

पाटपन्हाळे
संध्याकाळी चारही बाजूंनी आक्रसतं ते सेंटरिंग नव्हे, व्होल्टेज. फक्त खालून दुमडलं तर व्हर्टिकल आउटपुटचा कंडेन्सर सुकलाय, बहुतेक १००० मायक्रोफॅरडचा. १०५ डिग्रीवाला घाला, उलटा लावू नका. नुसती आडवी पांढरी रेघ आली तर ब्राइटनेस लगेच उतरवा, ट्यूबवर डाग पडतो. मग व्हर्टिकल आयसीच्या पायांचं सोल्डर बघा.

मालवणी खाजा
बाजारात असं काही बघणारा उरलाय का कोणी? सगळे एलईडीवाले. आणि ह्या पावसात माळ्यावरची पेटी लगेच लावू नये असं म्हणतात.

खाडीपलीकडचा
खरंय. मागचं झाकण काढून दोन दिवस कोरड्या खोलीत, जवळ ६० वॉटचा बल्ब. मऊ ब्रशने धूळ, पालीची लेंडी, मुंग्यांचं वारूळ सगळं काढा. लावल्यावर रबरी टोपीपाशी सुर्र आवाज आणि निळसर ठिणग्या दिसल्या तर लगेच बंद. मिठाचा थर असतो तो. डिस्चार्ज करून टोपीखाली आणि काचेवर स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या.

आंबोळी_दोन
मेन्यूत एच-शिफ्ट ३१ आहे. वाढवू की कमी?

काजूबी
ते चासिसवर अवलंबून आहे. दोनने वाढवून बघ, उलटीकडे गेलं तर मागे ये. फोटो काढलास ना आधी?

आंबोळी_दोन
😬