प्रतिसाद: जाड सुई, दुपदरी लोकर
क्रोशाची जाड सुई घेतली की नाताळपर्यंत ब्लँकेट विणून होईल, हे वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते खरंच आहे. पण नेहमीच्या लोकरीवर नुसती सुई जाड केली तर जाळी पडते आणि ऊब राहत नाही. लोकरीचे दोन पदर एकत्र घ्या, ९ मिमीची सुई वापरा आणि पूर्ण खांबांऐवजी (उंच टाक्यांऐवजी) अर्धे खांब (त्याहून बुटके टाके) घाला. उंची थोडी कमी मिळते, पण वीण भरीव होते. पदर दोन वेगळ्या गुंड्यांतून घ्या. एकाच गुंडीचं आतलं आणि बाहेरचं टोक जोडलं की गुंता ठरलेला.

लोकर किती लागेल हे आधीच काढा. १५ सेंमीचा चौकोन विणून त्याचं वजन करा. ९० बाय १२० सेंमीच्या ब्लँकेटमध्ये असे ४८ चौकोन बसतात. त्या वजनाला ४८ ने गुणा, काठासाठी दहावा हिस्सा वाढवा आणि सगळी लोकर एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, आणा. कडा आत ओढली जात असेल तर ओळीचा शेवटचा टाका सुटतोय. तो वळणाच्या साखळीला (नवी ओळ सुरू करताना घातलेल्या साखळीला) चिकटून लपतो, म्हणून तिथे सेफ्टी पिन अडकवून ठेवा. आणि अ‍ॅक्रिलिकवर (म्हणजे कृत्रिम लोकरीवर) गरम इस्त्री कधीच नको, वीण कायमची लुळी पडते.